कुबरनेटीसवर अपाचे काफ्का समूहाची उभारणी

कुबरनेटीसवर अपाचे काफ्का समूहाची उभारणी म्हणजे काफ्का या वितरित संदेशप्रवाह प्रणालीचे अनेक सर्व्हर कुबरनेटीस या कंटेनर-व्यवस्थापन मंचावर स्थापन करण्याची, चालवण्याची आणि त्यांची देखभाल करण्याची पद्धत होय. काफ्का आणि कुबरनेटीस ही दोन्ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे स्वतंत्रपणे विकसित झाली असून त्यांची मूळ गृहीतके भिन्न आहेत. कुबरनेटीस कोणताही कंटेनर केव्हाही बंद करून त्याच्या जागी नवा कंटेनर सुरू करू शकते. काफ्काच्या प्रत्येक सर्व्हरला मात्र स्वतःची कायम ओळख आणि स्वतःजवळ साठवलेली विदा असते. या दोहोंचा मेळ घालणे हा या उभारणीचा गाभा आहे. तो नीट घातला गेला नाही, तर प्रेषकाला पोच मिळालेले संदेशही कायमचे नष्ट होऊ शकतात.

पार्श्वभूमी

अपाचे काफ्का

काफ्काची निर्मिती लिंक्डइन या कंपनीत जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी केली. यांपैकी नेहा नारखेडे यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे येथे झाले. इ.स. २०११ मध्ये काफ्काची आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये काफ्काला अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी स्थापन केली. प्रणालीचे नाव लेखक फ्रान्झ काफ्का यांच्यावरून ठेवलेले आहे. ती जावा व स्काला या भाषांत लिहिलेली आहे.

काफ्काची रचना दुकानातील रोजकीर्दीसारखी आहे. रोजकीर्दीत नवी नोंद नेहमी शेवटी केली जाते आणि आधीची नोंद खोडली जात नाही. काफ्कातही प्रत्येक संदेश नोंदवहीच्या शेवटी जोडला जातो आणि त्याला एक चढता क्रमांक मिळतो. या क्रमांकाला 'ऑफसेट' म्हणतात. संदेश पाठवणाऱ्या प्रणालीस प्रेषक, तर वाचणाऱ्या प्रणालीस ग्राहक म्हणतात. ग्राहकाने वाचल्यामुळे संदेश नाहीसा होत नाही. आपण कोठवर वाचले याची खूण प्रत्येक ग्राहकगट स्वतंत्रपणे ठेवतो. ठरावीक मुदत संपल्यावर जुने संदेश काढून टाकले जातात. मूळ विन्यासात ही मुदत १६८ तासांची, म्हणजे सात दिवसांची असते.

एका विषयाच्या संदेशांचा समुच्चय म्हणजे 'टॉपिक'. प्रत्येक टॉपिक एक किंवा अधिक 'पार्टिशनां'त विभागलेला असतो आणि ही पार्टिशने वेगवेगळ्या सर्व्हरांवर वाटलेली असतात. या सर्व्हरांना 'ब्रोकर' असे म्हणतात. एकाच पार्टिशनमधील संदेशांचा क्रम कायम राहतो. निरनिराळ्या पार्टिशनांमधील परस्पर क्रमाची मात्र हमी नसते. त्यामुळे एकाच बँक खात्यातील जमा आणि खर्च यांचा क्रम टिकवायचा असल्यास खाते क्रमांक हा संदेशाची 'की' म्हणून दिला जातो. समान की असलेले संदेश एकाच पार्टिशनमध्ये जातात.

प्रत्येक पार्टिशनच्या अनेक प्रती निरनिराळ्या ब्रोकरांवर ठेवता येतात. त्यांपैकी एक अग्रणी प्रत असते व बाकीच्या अनुगामी असतात. प्रेषक अग्रणी प्रतीकडेच लिहितो. अनुगामी प्रती तिच्याकडून संदेश ओढून घेतात. अग्रणी प्रत असलेला ब्रोकर बंद पडल्यास अद्ययावत असलेल्या अनुगामी प्रतींपैकी एक अग्रणी होते.

कुबरनेटीस

कुबरनेटीस हा प्रकल्प गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केला. त्याची १.० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्यात आला. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे कर्णधार असा आहे. म्हणूनच त्याच्या बोधचिन्हात जहाजाचे सुकाणूचक्र आहे.

कुबरनेटीसमध्ये एक किंवा अधिक कंटेनरांच्या लहानात लहान एककाला 'पॉड' आणि पॉड ज्यावर चालतात त्या संगणकाला 'नोड' म्हणतात. वापरकर्ता अपेक्षित स्थिती लेखी स्वरूपात मांडतो, उदाहरणार्थ, 'या सेवेचे तीन पॉड चालू असावेत'. प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळते की नाही हे मंच सतत पडताळतो आणि तफावत आढळल्यास ती दूर करतो. एखादा पॉड बंद पडला तर त्याच्या जागी नवा पॉड सुरू केला जातो. नव्या पॉडचे नाव व जाळ्यातील पत्ता सामान्यतः वेगळा असतो आणि जुन्या पॉडमधील तात्पुरती साठवण त्याला मिळत नाही.

मूळ विसंगती

संकेतस्थळाची पाने दाखवणाऱ्या सर्व्हरासाठी वरील पद्धत सोयीची आहे. असे तीन सर्व्हर परस्परांची अचूक नक्कल असतात. त्यांपैकी एक गेला व दुसरा आला तरी वाचकाला फरक जाणवत नाही. काफ्काच्या तीन ब्रोकरांचे तसे नसते. क्रमांक १ च्या ब्रोकरजवळ काही विशिष्ट पार्टिशने असतात आणि समूहातील इतर ब्रोकर व ग्राहक त्याला त्याच क्रमांकाने ओळखतात. त्याच्या जागी रिकामी डिस्क घेऊन नवा ब्रोकर आला, तर त्याला आपल्या वाट्याची सर्व विदा इतर प्रतींकडून पुन्हा उतरवून घ्यावी लागते. ती टेराबाइटांत असेल तर या कामाला कित्येक तास लागू शकतात. तेवढ्या वेळात आणखी एक ब्रोकर गमावला, तर काही पार्टिशनांची एकच प्रत उरते.

या कारणाने कुबरनेटीसवरील काफ्काला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात: कायम ओळख, कायम साठवण आणि परस्परांपासून वेगळ्या केलेल्या जागा.

कायम ओळख

अशा स्थितियुक्त प्रणालींसाठी कुबरनेटीसने २०१६ मध्ये १.३ या आवृत्तीत 'पेटसेट' नावाची सोय आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस १.५ या आवृत्तीत तिचे नाव 'स्टेटफुलसेट' असे करण्यात आले आणि डिसेंबर २०१७ मधील १.९ या आवृत्तीत ती स्थिर म्हणून घोषित झाली. स्टेटफुलसेटमधील पॉडना शून्यापासून पुढे क्रमांक मिळतात, जसे काफ्का-०, काफ्का-१, काफ्का-२. पॉड नव्याने निर्माण झाला तरी त्याचे नाव तेच राहते आणि त्याला आधीचीच साठवण परत जोडली जाते.

नावावरून पॉडपर्यंत पोहोचण्यासाठी 'हेडलेस' प्रकारची सेवा वापरली जाते. सर्वसाधारण सेवा आपल्यामागील कोणत्याही एका पॉडकडे विनंती धाडते. हेडलेस सेवा मात्र प्रत्येक पॉडला नावप्रणालीत स्वतंत्र नाव देते. पॉडचा आयपी पत्ता बदलला तरी हे नाव बदलत नाही.

येथे एक अडचण संभवते. स्टेटफुलसेट मूळ विन्यासात पॉड एकामागून एक सुरू करते. पहिला पॉड 'सज्ज' झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. परंतु काफ्काच्या नियंत्रकांना सज्ज होण्यासाठी परस्परांचे बहुमत लागते. पहिला दुसऱ्याची आणि दुसरा पहिल्याची वाट पाहत राहिल्याने समूह कधीच सुरू होत नाही. म्हणून सर्व पॉड एकाच वेळी सुरू करण्याची 'पॅरलल' पद्धत निवडली जाते आणि सज्ज नसलेल्या पॉडांचे पत्तेही नावप्रणालीत प्रसिद्ध करण्याची परवानगी हेडलेस सेवेला दिली जाते.

एकाच ओळखीचे दोन पॉड एकाच वेळी चालू नयेत, हा स्टेटफुलसेटचा दंडक आहे. त्याचा एक परिणाम नवख्यांना चकित करतो. एखाद्या नोडशी संपर्क तुटल्यास मूळ विन्यासानुसार सुमारे पाच मिनिटांनी त्यावरील पॉड काढून टाकण्याचा आदेश निघतो. पण तो पॉड खरोखरच थांबला याची खात्री नसल्याने बदली पॉड सुरू केला जात नाही. नोड परत येईपर्यंत, तो समूहातून काढला जाईपर्यंत किंवा व्यवस्थापकाने नोड बंद असल्याची खात्री करून हस्तक्षेप करेपर्यंत तो ब्रोकर अनुपस्थित राहतो. हा विलंब दोष नसून विदेच्या रक्षणासाठी केलेली तडजोड आहे.

कायम साठवण

पॉडच्या आयुष्याशी न बांधलेली डिस्क मिळवण्यासाठी 'स्थायी व्हॉल्यूम' ही संकल्पना वापरली जाते. प्रत्येक ब्रोकरसाठी स्वतंत्र व्हॉल्यूमची मागणी नोंदवली जाते. ब्लॉक प्रकारची साठवण आणि तिच्यावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली, असा संयोग प्रचलित आहे. एनएफएससारखी सामायिक फाइल-साठवण काफ्कासाठी योग्य मानली जात नाही.

साठवण निवडताना दोन पर्याय असतात. जाळ्याद्वारे जोडलेली डिस्क एका नोडवरून सोडवून दुसऱ्या नोडला जोडता येते. त्यामुळे नोड बिघडला तरी विदा शाबूत राहते. क्लाउडमधील अशी डिस्क बहुधा एकाच उपलब्धता-विभागाला बांधलेली असते, म्हणून पॉड त्याच विभागात पुन्हा सुरू करावा लागतो. यासाठी पॉड कोठे चालणार हे ठरल्यानंतरच डिस्क निर्माण करण्याची पद्धत निवडली जाते. नोडमधीलच डिस्क वापरल्यास वेग अधिक मिळतो, परंतु नोड गेला की त्यावरील विदाही जाते व ती इतर प्रतींवरून पुन्हा उतरवावी लागते.

व्हॉल्यूमची मागणी रद्द झाल्यावर प्रत्यक्ष डिस्कचे काय करावे हेही आधीच ठरवावे लागते. मागणीनुसार आपोआप निर्माण होणाऱ्या डिस्कांच्या बाबतीत 'डिलीट' हे धोरण मूळ विन्यासात असते, म्हणजे मागणी गेली की डिस्कही पुसली जाते. नावक्षेत्र हटवल्यास त्यातील साऱ्या मागण्या हटतात. त्यामुळे या धोरणाखाली एका चुकीच्या आज्ञेने सर्व ब्रोकरांची विदा एकाच वेळी नष्ट होऊ शकते. महत्त्वाच्या समूहांसाठी 'रिटेन', अर्थात डिस्क राखून ठेवण्याचे धोरण निवडणे श्रेयस्कर ठरते.

प्रतींची मांडणी आणि टिकाऊपणा

काफ्का प्रत्येक संदेश डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबत नाही. संदेश आधी कार्यप्रणालीच्या पेज कॅशेत, म्हणजे मुख्य स्मृतीत लिहिला जातो आणि डिस्कवर सावकाश उतरतो. काफ्काचा वेग बऱ्याच अंशी यामुळेच आहे. टिकाऊपणाची भिस्त एका डिस्कवर नसून निरनिराळ्या यंत्रांवरील प्रतींवर आहे. एका यंत्राची वीज गेली तर त्याच्या स्मृतीतील संदेश जातील, पण दुसऱ्या यंत्रांवर ते असतील, असे हे गणित आहे.

कुबरनेटीसवर हे गणित नकळत बिघडू शकते. तीन प्रती तीन ब्रोकरांवर आहेत, परंतु तिन्ही ब्रोकरांचे पॉड एकाच नोडवर आहेत, अशी स्थिती उद्भवल्यास कागदोपत्री तीन प्रती असूनही प्रत्यक्षात आधार एकाच यंत्राचा असतो. मंचाचा नियोजक पॉड शक्यतो पसरवतो. परंतु अन्यत्र जागा नसल्यास दोन ब्रोकर एकाच नोडवर ठेवण्यास त्याला मज्जाव नसतो. तो मज्जाव 'पॉड अँटी-अफिनिटी' या नियमाने स्पष्टपणे घालावा लागतो. उपलब्धता-विभागांमध्ये समान वाटणीसाठी 'टोपॉलॉजी स्प्रेड' हे बंधन वापरतात.

पॉड पसरवणे एवढ्याने काम संपत नाही. सहा ब्रोकर तीन विभागांत दोन-दोन असे वाटले, तरी एखाद्या पार्टिशनच्या दोन प्रती एकाच विभागातील दोन ब्रोकरांवर पडू शकतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक ब्रोकरला तो कोणत्या विभागात आहे हे सांगावे लागते. काफ्काच्या विन्यासात या माहितीला 'रॅक' म्हणतात. रॅक ठाऊक असल्यास नवा टॉपिक निर्माण करताना काफ्का त्याच्या प्रती वेगवेगळ्या विभागांत ठेवते.

प्रतींची संख्या तीन, पोच देण्यासाठी आवश्यक अद्ययावत प्रतींची किमान संख्या दोन आणि प्रेषकाकडून 'सर्व अद्ययावत प्रतींची पोच हवी' अशी मागणी, हा सर्वाधिक प्रचलित विन्यास आहे. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे होतात:

• एक ब्रोकर बंद असल्यास लेखन व वाचन दोन्ही चालू राहतात.
• एखाद्या पार्टिशनचे दोन ब्रोकर बंद पडल्यास नवे लेखन नाकारले जाते व प्रेषकास त्रुटी कळवली जाते. आधी पोच दिलेले संदेश मात्र उरलेल्या प्रतीत सुरक्षित असतात.
• किमान संख्या एक ठेवल्यास अग्रणी प्रत एकटी उरली तरी पोच देत राहते. त्यानंतर तिची डिस्क गेल्यास पोच दिलेले संदेशही नष्ट होतात.

काफ्काच्या मूळ विन्यासात ही किमान संख्या एक आहे. त्यामुळे ती बदलून दोन करणे हा उभारणीतील एक आवश्यक टप्पा ठरतो. मागे राहिलेल्या प्रतीला अग्रणी होऊ द्यायचे की नाही, हाही स्वतंत्र निर्णय आहे. तसे होऊ दिल्यास सेवा लवकर सुरू होते, पण मधले संदेश गमावले जातात. मूळ विन्यासात याला परवानगी नसते.

नियंत्रक

कोणती प्रत अग्रणी आहे, कोणते टॉपिक अस्तित्वात आहेत यांसारखी समूहाची माहिती पूर्वी झूकीपर या वेगळ्या प्रणालीत ठेवली जात असे. त्यामुळे काफ्काबरोबर झूकीपरचाही समूह उभारावा लागे. पुढे काफ्काने 'केराफ्ट' ही स्वतःची सहमती-पद्धत विकसित केली. ती २०२१ मधील २.८ या आवृत्तीत चाचणीसाठी उपलब्ध झाली, २०२२ मधील ३.३ या आवृत्तीत नव्या समूहांसाठी प्रत्यक्ष वापरास योग्य ठरवण्यात आली आणि मार्च २०२५ मधील ४.० या आवृत्तीत झूकीपरचा आधार पूर्णपणे काढून टाकण्यात आला.

केराफ्टमध्ये काही सर्व्हर नियंत्रकाची भूमिका घेतात. निर्णय बहुमताने होत असल्याने त्यांची संख्या विषम ठेवतात. तीन नियंत्रकांपैकी एक आणि पाचांपैकी दोन बंद पडले तरी समूहाचे काम चालते. एकच सर्व्हर ब्रोकर व नियंत्रक अशा दोन्ही भूमिका घेऊ शकतो. ही सोय लहान किंवा चाचणीच्या समूहांपुरती ठीक असते. महत्त्वाच्या समूहांत नियंत्रकांचे पॉड वेगळे ठेवतात. त्यांचीही साठवण स्थायी असावी लागते, कारण समूहाची माहिती त्यांच्याजवळच असते.

ग्राहकांशी जोडणी

काफ्काशी जोडणी दोन टप्प्यांत होते. प्रथम ग्राहक किंवा प्रेषक कोणत्याही एका ब्रोकरशी संपर्क साधतो आणि त्याच्याकडून सर्व ब्रोकरांचे पत्ते व पार्टिशनांची वाटणी जाणून घेतो. त्यानंतर हव्या असलेल्या पार्टिशनची अग्रणी प्रत ज्या ब्रोकरवर असेल, त्याच्याशी तो थेट जोडला जातो. त्यामुळे सर्व ब्रोकरांपुढे एकच भारसंतुलक ठेवून भागत नाही. प्रत्येक ब्रोकरपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचता आले पाहिजे.

ब्रोकर स्वतःचा जो पत्ता इतरांना कळवतो, त्याला 'जाहीर पत्ता' म्हणता येईल. कुबरनेटीसच्या आतील ग्राहकांसाठी हेडलेस सेवेचे नाव पुरेसे असते, पण ते नाव मंचाबाहेर ओळखले जात नाही. प्रारंभीची जोडणी यशस्वी होते, मात्र पुढे काहीच घडत नाही व ठरावीक वेळाने त्रुटी येते, हे चुकीच्या जाहीर पत्त्याचे नेहमीचे लक्षण आहे. उपाय म्हणून आतील व बाहेरील ग्राहकांसाठी वेगळी प्रवेशद्वारे ठेवली जातात. बाहेरील प्रवेशद्वारासाठी प्रत्येक ब्रोकरमागे एक भारसंतुलक, नोडवरील ठरावीक पोर्ट किंवा टीएलएस जोडणी जशीच्या तशी पुढे नेणारा इन्ग्रेस यांपैकी एक मार्ग वापरतात.

स्मृती आणि इतर संसाधने

ब्रोकरला लागणारी स्मृती दोन भागांत विभागलेली असते: जावा आभासी यंत्राची 'हीप' आणि कार्यप्रणालीची पेज कॅशे. नुकतेच आलेले संदेश वाचणाऱ्या ग्राहकांना ते बहुधा पेज कॅशेतूनच मिळतात व डिस्क वाचावी लागत नाही. कंटेनरच्या स्मृतिमर्यादेत पेज कॅशेचीही गणना होते. म्हणून पॉडची जवळजवळ सर्व स्मृती हीपला देणे हिताचे नसते; तसे केल्यास कॅशेला जागा उरत नाही आणि डिस्कवरील ताण वाढतो. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या पॉडमध्ये हीप पाच-सहा गिगाबाइटांची ठेवणे हे अशा वाटणीचे एक उदाहरण होय. प्रोसेसर व स्मृती यांची मागणी आणि कमाल मर्यादा समान ठेवल्यास, नोडवर टंचाई झाली असता तो पॉड हटवला जाण्याची शक्यता सर्वांत कमी राहते.

ऑपरेटर पद्धती

वरील बहुतेक बाबी हाताने लिहिलेल्या विन्यासांनी साधता येतात, परंतु दैनंदिन देखभालीसाठी काफ्काचे अंतरंग जाणणारा कोणी सतत लागतो. हे ज्ञान आज्ञावलीच्या रूपात मंचावरच ठेवण्याच्या पद्धतीला 'ऑपरेटर' म्हणतात. ही कल्पना कोअरओएस या कंपनीने २०१६ मध्ये मांडली. ऑपरेटर कुबरनेटीसला 'काफ्का समूह', 'टॉपिक', 'वापरकर्ता' असे नवे वस्तुप्रकार शिकवतो आणि त्यांच्या वर्णनानुसार पॉड, सेवा, व्हॉल्यूम व प्रमाणपत्रे निर्माण करतो.

काफ्कासाठीचा स्ट्रिम्झी हा मुक्तस्रोत ऑपरेटर यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. रेड हॅटमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प २०१९ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये दाखल झाला आणि २०२४ मध्ये त्याला तेथे पुढील, म्हणजे संवर्धनाधीन प्रकल्पाचा दर्जा मिळाला. स्टेटफुलसेटच्या मर्यादांमुळे स्ट्रिम्झीने पुढे ते वापरणे सोडून स्वतःचा 'स्ट्रिम्झीपॉडसेट' हा प्रकार आणला. स्टेटफुलसेटमध्ये केवळ शेवटच्या क्रमांकाचा पॉडच कमी करता येतो आणि सर्व पॉड एकसारखे असावे लागतात. नव्या प्रकारात ही बंधने नाहीत. कॉन्फ्लुएंट कंपनीचाही स्वतःचा ऑपरेटर आहे.

उभारणीचा क्रम

ऑपरेटरच्या साहाय्याने समूह उभारताना सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो:

१. काफ्कासाठी स्वतंत्र नावक्षेत्र निर्माण करणे आणि त्यात ऑपरेटर स्थापित करणे.
२. साठवणीचा वर्ग निवडणे. डिस्क राखून ठेवण्याचे धोरण, विस्ताराची परवानगी व पॉडची जागा ठरल्यानंतर डिस्क देण्याची पद्धत त्यात नमूद करणे.
३. नियंत्रकांचे व ब्रोकरांचे नोडसंच वेगवेगळे वर्णन करणे. प्रत्येकाची संख्या, स्मृती व डिस्कचा आकार ठरवणे.
४. पॉड वेगवेगळ्या नोडांवर व विभागांत ठेवण्याचे नियम आणि रॅकची माहिती देणे.
५. प्रतींची संख्या तीन व अद्ययावत प्रतींची किमान संख्या दोन ठेवणे. ग्राहकगटांच्या खुणा साठवणाऱ्या अंतर्गत टॉपिकांनाही हेच लागू करणे.
६. आतील व बाहेरील प्रवेशद्वारे, टीएलएस आणि ओळख-पडताळणी ठरवणे.
७. चाचणीचा टॉपिक निर्माण करून संदेश पाठवणे, नंतर एक ब्रोकर मुद्दाम बंद करून लेखन व वाचन चालू राहते का हे पाहणे.

शेवटची पायरी अनेकदा वगळली जाते. तथापि प्रतींची मांडणी अपेक्षेप्रमाणे झाली आहे की नाही हे तिच्यामुळेच प्रत्यक्ष कळते.

देखभाल

क्रमवार पुनरारंभ

आवृत्ती किंवा विन्यास बदलताना ब्रोकर एकेक करून पुन्हा सुरू केले जातात. पॉड 'सज्ज' झाला म्हणजे त्याच्या प्रती अद्ययावत झाल्या असे नव्हे. बंद असताना आलेले संदेश उतरवून घेण्यास त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पुढचा ब्रोकर बंद केल्यास काही पार्टिशनांच्या अद्ययावत प्रती किमान संख्येखाली जातात व लेखन थांबते. स्टेटफुलसेट केवळ सज्जता पाहते. स्ट्रिम्झी मात्र ब्रोकर बंद करण्यापूर्वी प्रतींची स्थिती तपासतो.

थांबण्याचा आदेश मिळाल्यावर ब्रोकर आपल्याकडील अग्रणीपद इतरांना सोपवतो व नोंदवह्या नीट मिटतो. यासाठी कुबरनेटीस मूळ विन्यासात ३० सेकंद देते. नंतर पॉड सक्तीने बंद केला जातो. मोठ्या ब्रोकरला हा अवधी अपुरा पडतो. सक्तीने बंद झालेला ब्रोकर पुन्हा सुरू होताना अपूर्ण राहिलेल्या नोंदवह्या तपासतो व त्यात बराच वेळ जाऊ शकतो. या काळात मंचाच्या 'जिवंतपणा' तपासणीने त्याला मृत ठरवून पुन्हा बंद केल्यास ब्रोकर कधीच पूर्ण सुरू न होण्याचे चक्र निर्माण होते. म्हणून थांबण्याची मुदत आणि आरंभीच्या तपासणीची मुदत दोन्ही वाढवल्या जातात.

नोड रिकामे करणे

कुबरनेटीसच्या आवृत्तीबदलाच्या वेळी नोड रिकामे केले जातात. एका वेळी एकाहून अधिक ब्रोकर हटवले जाऊ नयेत म्हणून 'पॉड डिसरप्शन बजेट' हे बंधन घालतात. हे बंधन नियोजित कामांपुरतेच असते. वीज जाणे किंवा यंत्र बिघडणे यांवर त्याचा अंमल चालत नाही.

विस्तार आणि संकोच

नवा ब्रोकर जोडल्याने जुनी पार्टिशने आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. ती हलवण्याचा वेगळा आदेश द्यावा लागतो. याउलट ब्रोकर कमी करण्यापूर्वी त्याच्यावरील पार्टिशने अन्यत्र हलवणे अनिवार्य असते; केवळ पॉडची संख्या घटवल्यास तितक्या प्रती नाहीशा होतात. वाटणीचा हिशेब करण्यासाठी लिंक्डइनने तयार केलेले 'क्रूझ कंट्रोल' हे साधन वापरले जाते. टॉपिकमधील पार्टिशनांची संख्या वाढवता येते, कमी करता येत नाही. ती वाढवल्यास समान कीचे नवे संदेश वेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात व क्रमाची हमी खंडित होते.

निरीक्षण

काफ्काची मापने प्रोमिथिअस या साधनाद्वारे गोळा करण्याची पद्धत रूढ आहे. अपुऱ्या प्रती असलेल्या पार्टिशनांची संख्या, अग्रणी नसलेल्या पार्टिशनांची संख्या, डिस्कवरील शिल्लक जागा आणि ग्राहक किती संदेश मागे आहे हे चार आकडे विशेष महत्त्वाचे आहेत. निरोगी समूहात पहिले दोन शून्य असतात. डिस्क पूर्ण भरल्यास ब्रोकर बंद पडतो. तसेच ग्राहक साठवणुकीच्या मुदतीहून अधिक मागे पडल्यास न वाचलेले संदेशच काढून टाकले जातात.

सुरक्षा

काफ्काच्या मूळ विन्यासात ओळख-पडताळणी व सांकेतिकीकरण बंद असते. मंचाच्या आतील जाळे सुरक्षित आहे असे मानून तसेच ठेवणे धोक्याचे असते, कारण वेगळे बंधन नसल्यास कुबरनेटीसमध्ये कोणताही पॉड अन्य पॉडशी बोलू शकतो. जोडणीसाठी टीएलएस, ओळखीसाठी प्रमाणपत्रे किंवा स्क्रॅम पद्धतीची गुप्त पदे, कोणी कोणता टॉपिक वाचावा-लिहावा यासाठी अनुमतीसूची आणि जाळ्याच्या पातळीवर 'नेटवर्क पॉलिसी' अशी तटबंदी केली जाते.

मर्यादा आणि पर्याय

प्रती म्हणजे राखीव साठा नव्हे. चुकून टॉपिक हटवला गेल्यास तो सर्व प्रतींतून हटतो. म्हणून महत्त्वाची विदा 'मिररमेकर' या साधनाने दुसऱ्या ठिकाणच्या समूहात उतरवली जाते किंवा अन्य साठवणीत वेगळी ठेवली जाते.

ज्या संस्थेत कुबरनेटीस आधीपासून वापरात आहे आणि ते सांभाळणारी माणसे आहेत, तेथे काफ्काही त्यावर चालवल्याने विन्यास, निरीक्षण व आवृत्तीबदल यांची पद्धत एकसारखी होते. केवळ काफ्कासाठी कुबरनेटीस स्वीकारल्यास एका गुंतागुंतीच्या प्रणालीऐवजी दोन सांभाळाव्या लागतात. अशा वेळी आभासी यंत्रांवर थेट उभारणी करणे किंवा अमेझॉन एमएसकेसारखी व्यवस्थापित सेवा घेणे हे पर्याय असतात. पर्याय कोणताही असला, तरी प्रतींची संख्या, पोच देण्याची किमान अट आणि प्रती प्रत्यक्षात कोणकोणत्या यंत्रांवर आहेत, हे तीन प्रश्न वापरणाऱ्या संस्थेला विचारावेच लागतात. संदेशांची सुरक्षितता त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.